दुसऱ्या घरी ठेवलेलं बी

"तुमच्याकडे बॅकअप आहे का?" हा प्रश्न मी वर्धा जिल्ह्यात किती जणांना विचारला असेल, देव जाणे. बहुतेकांनी मान ताठ करून एकच उत्तर दिलं, "हाव, आहे न. चार घंट्याचा."

लोडशेडिंगचे दिवस होते. बॅकअप म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी म्हणायची, "अहो, तो नाही. कॉम्प्युटरमधल्या माहितीचा बॅकअप." समोरचा माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा. "ताई, करंट गेला तं कॉम्प्युटरबी त्याच्यावरच चालते न. त्याले वेगळा कायले घेऊ?" मग मी यंत्र वेगळं, माहिती वेगळी, असं व्याख्यान सुरू करायची. दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात जेवढा गोंधळ असायचा तेवढाच माझ्याही डोक्यात झालेला असायचा.

या अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' म्हणून पत्र पाठवलं. यशाचे लिहावेत अशी त्यांची अपेक्षा असावी. मी नव्वदच्या सुमारास इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून वर्ध्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. मोपेडच्या डिकीत पकड, पाने, मीटर आणि डबा घालून जिल्हाभर फिरले. लोक मला कॉम्प्युटरवाली ताई म्हणायचे आणि मला सगळं कळतं असं समजायचे. खरं सांगायचं तर निम्मा वेळ मी गोंधळलेली असायची. पण हातात स्क्रूड्रायव्हर असला की माणूस गोंधळलेला दिसत नाही. या एका गोष्टीवर मी वीस-बावीस वर्षं पोट भरलं.

बॅकअप म्हणजे साध्या भाषेत नक्कल. कॉम्प्युटर जळतो, चोरीला जातो, कधी उगाचच रुसून बसतो. म्हणून त्यातल्या माहितीची नक्कल करून ठेवायची, आणि ती दुसऱ्या छपराखाली ठेवायची. आग लागली तर अस्सल आणि नक्कल एकदमच जाऊ नये, एवढाच त्यातला हेतू. तिसरी गोष्ट अशी की ती नक्कल अधूनमधून उघडून बघायची. पहिल्या दोन गोष्टी मी घसा कोरडा होईपर्यंत लोकांना सांगितल्या. तिसरी मला स्वतःला कळायला एक माणूस खर्ची पडला, असं कधीकधी वाटतं.

लोक नक्कल ठेवायचे नाहीत असं नाही. हिंगणघाटच्या एका छापखानेवाल्यानं माझं ऐकून लग्नपत्रिकांच्या सगळ्या डिझाइनच्या सीडी केल्या आणि तिजोरीत ठेवल्या. दसऱ्याला त्या बाहेर काढून त्यांची रीतसर पूजा केली. चकचकीत बाजू दिसायला चांगली, म्हणून ती वर, आणि तिच्यावर तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक. माहिती नेमकी त्याच बाजूनं वाचली जाते. मी म्हटलं, पुसा आधी. तर तो हबकून म्हणाला, "आज कसं पुसू ताई? सणाचा दिवस हाय!" द्वादशीला पुसलं. अर्ध्या वाचता आल्या. तेवढ्यात मला आनंद झाला होता.

पण मला सांगायचंय ते नानाजी डेकाट्यांबद्दल.

समुद्रपूरला त्यांची बियाण्याची छोटी कंपनी होती. चार खोल्या, एक गोदाम, मागे सहा एकर वावर आणि कामाला सहा-सात माणसं. विकायचे ते तूर, सोयाबीन, हरभऱ्याचं बी; पण जीव कपाशीत. अठरा वर्षांपासून ते स्वतःचं कपाशीचं वाण तयार करत होते. ते काम कसं चालतं हे त्यांनी मला वावरात उभं करून दाखवलं होतं. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हातानं उघडायची, तिच्यातले पुंकेसर अलगद खुडायचे, वर कागदाची नळी घालायची. सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचे पराग आणून तिला लावायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची. बोंड पिकलं की त्याचं बी एका कापडी थैलीत. थैलीवर फक्त नंबर. आई कोणती, बाप कोण, आजोळ कुठलं, ते सगळं रजिस्टरमध्ये.

"थैलीवरच का नाही लिहीत?" मी विचारलं होतं.

"नाव लिवलं तं चोरी जाते, ताई. नंबर चोरून कोणी काय करन?" नानाजी म्हणाले. "माणसाची वंशावळ भाट ठेवते, कपाशीची मी ठेवतो."

त्यांची जुनी रजिस्टरं वाळवीनं खायला सुरुवात केली होती. तेव्हा मी त्यांना कॉम्प्युटर दिला. त्यांच्या सुनेनं, प्रतिभानं, दोन वर्षांत सगळ्या वह्या त्यात उतरवल्या, वर प्रत्येक झाडाचे फोटो घालायला सुरुवात केली. पोरगी हुशार, बोटं झरझर चालायची. पुढे दुसरा कॉम्प्युटर आला, दोघांना तारेनं जोडलं, आणि माहिती ज्यात होती त्याला आम्ही सर्व्हर म्हणू लागलो. नाव सर्व्हर, पण होता माझ्या दुकानात जोडलेला साधा डबा. "आता वही बंद करा नानाजी, सगळं यात येतं." हे वाक्य माझं. मी ते बोलले तेव्हा प्रतिभा टेबल पुसत होती, तेही मला आठवतं.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. एका एप्रिलमध्ये नानाजींच्या शेजारच्या व्यापाऱ्याचं कापसाचं गोदाम शॉर्टसर्किटनं पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी पहिल्या बसनं वर्ध्याला, माझ्या दुकानात. धोतराला अजून काजळी होती.

"ताई, त्याचा कापूस जळला, थो पुढच्या साली पुन्हा घेईन. माह्या इथं लागली तं माह्ये अठरा वर्षं जळन. काई करा."

मी म्हटलं, दुसऱ्या गावी नक्कल ठेवू. ते म्हणाले, ठेवा. आणि तिथून माझा खरा गोंधळ सुरू झाला.

नक्कल कशावर ठेवायची? मोठ्या कंपन्या टेपवर ठेवायच्या. तसं यंत्र मी आयुष्यात एकदाच, तेही काचेआड पाहिलं होतं. नागपूरहून भाव काढला. प्रतिभानं कागद बघितला आणि म्हणाली, "बाप्पा! एवढ्यात तं बैलजोडी येते." मग सीडी. पण फोटोंमुळे दर आठवड्याला पंचवीस-तीस सीडी लागल्या असत्या. प्रतिभा दिवसभर पोळ्या लाटल्यासारख्या सीडीच काढत बसली असती. आणि आमच्याकडचा मे महिना! बंद कपाटात ठेवलेली सीडी पापडासारखी वाकलेली मी पाहिली आहे. बँकेचा लॉकर विचारला, तर यादीत सत्तावन्न लोक आधी होते.

मग नागपूरचा एक विक्रेता आला, टाय लावून. तो म्हणाला, इंटरनेटनं पाठवा, आमच्याकडे जागा आहे, दरमहा अमुक. नानाजींनी विचारलं, जागा कुठं?

"अमेरिकेत, काका. एकदम सेफ."

"अन् मले एखाद्या दिवशी पाहिजे असलं तं?" नानाजी म्हणाले. "व्हिसा काढू काय?"

मी हसले, पण आकडेमोड केली. समुद्रपूरच्या फोनलाइनवरून ती सगळी माहिती जायला, लाइन एकदाही पडली नाही असं धरलं तरी, महिन्याच्या वर वेळ लागत होता. लाइन तर तासातासाला पडायची. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, पुढे स्पीड वाढेल मॅडम. वाढला म्हणा, पण तेव्हा काय उपयोग?

तीन आठवडे मी सकाळी चहाबरोबर एक निर्णय घ्यायची आणि दुपारच्या जेवणानंतर तो बदलायची. मला दुसऱ्या कुणाला विचारताही येत नव्हतं, कारण जिल्ह्यात ज्यांना विचारायचं ते सगळे मलाच विचारायचे. शेवटी एक दिवस नानाजींच्या ओसरीवर बसून मी तोच कागद चौथ्यांदा समजावत होते. नानाजींची बायको, शांताकाकू, सुपात तीळ पाखडत होती. ती वर न बघताच म्हणाली, "एवढं काय इचार करून राह्यली वो तू? बी कधी कोणी एका घरी ठेवते काय?"

"म्हणजे?"

"आपल्या घरी अर्धं, लेकीच्या नाईतं बहिणीच्या घरी अर्धं. इकडं काई झालं तं तिकडून आणायचं. माही सासू असंच करे. हे त्या डब्यातलं बी हाय, असं समज अन् नेऊन ठेव बेबीच्या घरी."

मी इतकी वर्षं लोकांना जे समजावू शकले नव्हते ते तिनं तीळ पाखडता पाखडता सांगून टाकलं. बेबीताई म्हणजे नानाजींची धाकटी बहीण. सिंदी रेल्वेला दिलेली. तिचं घर पक्कं, कोरडं, आणि नानाजींचा तिच्यावर जीव. राखी आणि भाऊबीज सोडून जाणं मात्र होत नव्हतं.

मग ठरलं ते असं. काढता-घालता येणाऱ्या डबीतल्या दोन हार्डडिस्क घ्यायच्या. सर्व्हरच्या पुढच्या खणात डिस्क सरकवायची, प्रतिभानं पडद्यावरचं एक चित्र दाबायचं, की जुनं पुसून नवी नक्कल होणार. दर सोमवारी ताजी डिस्क नानाजी सिंदीला नेणार आणि तिथली जुनी परत आणणार. परत आलेलीवर पुढच्या सोमवारी नक्कल. म्हणजे एक सदैव सिंदीला, आणि तीही फार तर आठवड्याची शिळी. खर्च बैलजोडीच्या शेपटीएवढा. मला स्वतःचा अभिमान वाटला. इंग्रजी न शिकलेल्या बेबीताईला वाचता यावं म्हणून मी दोन्ही डिस्कवर ठळक देवनागरीत लेबलं लावली. एकीवर 'ए', दुसरीवर 'बी'.

पहिल्या सोमवारी मी स्वतः नानाजींबरोबर सिंदीला गेले. 'ए' डिस्क कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली होती. बेबीताई ठेंगणी, गोरी, बोलायला चटपटीत. मी तिला बसवून नीट सांगितलं, "हे बघा, अशा दोन आहेत. एक नेहमी तुमच्याजवळ राहील, एक नानाजींबरोबर परत जाईल. दोन्ही कधी एका घरात राहायच्या नाहीत. पाणी, उंदीर, लहान मुलं यांपासून जपायचं."

"एक इथं, एक तिथं," तिनं म्हणून दाखवलं. "भाऊचं सगळं कपाशीचं याच्यात हाय न? मंग मी जिवापलीकडं जपीन."

दुसऱ्या सोमवारी नानाजी 'बी' घेऊन गेले. संध्याकाळी मी प्रतिभाला फोन केला, "परत कोणती आली?"

"ए आली, ताई. डब्यात वरून लाडूबी आले."

"शाब्बास," मी म्हटलं. गाडी रुळावर आली होती. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले.

त्या वर्षी नानाजींचा हंगाम फार चांगला गेला. दर सोमवारी बहिणीकडे जायचं, तिच्या हातचं जेवायचं आणि डबा घेऊन यायचं, यानं त्यांचा चेहराही उजळला होता. बहीण रिकामा डबा परत पाठवत नव्हती. कधी चकल्या, कधी मुगाचे लाडू, त्यांच्याखाली फडक्यात डिस्क. दिवाळीनंतर मी काही कामानं समुद्रपूरला गेले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून वावरात नेलं. एका पऱ्हाटीसमोर, म्हणजे कपाशीच्या झाडासमोर, उभे राहिले. बाकीच्या ओळी पाण्यावाचून मलूल झालेल्या, ही एकटी हिरवी, आणि बोंडं मुठीएवढी.

"या वर्षी जोडी जमली, ताई," ते म्हणाले. आवाज अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. "अठरा वर्षं ज्याच्यासाठी घातले थे हेच. आता या झाडाचं बी, अन् याच्या माय-बापाची वंशावळ. दोन सालं अजून द्या मले."

मी विचारलं, नंबर काय? ते हसले. "नंबर प्रतिभाच्या कॉम्प्युटरले माहीत. मले झाड माहीत."

फेब्रुवारीपर्यंत वेचणी झाली. त्या हंगामाच्या दोनशे चाळीस थैल्या गोदामात लागल्या. पऱ्हाट्या उपटून चुलीला गेल्या. देठाच्या चिठ्ठ्या प्रतिभानं एकेक करून नोंदवल्या आणि टाकून दिल्या. वही मी बंदच केली होती.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी प्रतिभा नक्कल करत होती. लोडशेडिंगनंतर वीज परत आली ती नको तेवढी आली. पंखा वेड्यासारखा गरगरला, ट्यूब फुटली, जळका वास सुटला. इन्व्हर्टर, म्हणजे तो चार घंट्याचा बॅकअप, आधी गेला. त्यामागून सर्व्हर. आणि सर्व्हरच्या खणात तेव्हा 'ए' डिस्क बसलेली होती.

मी पोचले तेव्हा प्रतिभा दारात बसून रडत होती. नानाजी उभे. मी सर्व्हरच्या आतली आणि खणातली 'ए', अशा दोन्ही डिस्क तपासल्या; दोन्हींत जीव नव्हता. पण मी घाबरले नाही. उलट, सांगायला लाज वाटते, मला जरा आनंदच झाला. इतकी वर्षं जे सांगत आले ते आज खरं करून दाखवायची वेळ आली होती. "रडू नको," मी प्रतिभाला म्हटलं. "यासाठीच तर आपण केलं होतं. दुसरी सिंदीला आहे. फार तर आठवड्याचं पुन्हा टाइप करशील." नानाजींनी छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. आम्ही दोघं तसेच सिंदीला निघालो.

पोचल्यावर नानाजी अंगणात पाय धूत होते. बेबीताई मला आत घेऊन गेली. धान्याच्या कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि लाल फडक्यातलं गाठोडं काढलं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, पाल्यात डिस्क. धुळीचा कण नाही.

"घ्या ताई," ती म्हणाली. "दुसऱ्या सोमवारी आलं तवापासून जागचं हालवलं नाई मी. कोणाले हात लावू देल्ला नाई."

मी हसत हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. "दुसऱ्या सोमवारपासून? बदलत नव्हता दर आठवड्याला?"

"बदलू कशी?" ती चकित होऊन म्हणाली. "त्याच्यावर लिवलं होतं न, बी म्हणून. दुसऱ्यावर काई तरी 'ए' असं होतं, त्याचा अर्थ मले नाई समजला. थे येजा करणारं असंन म्हणून थेच मी भाऊसंग वापस देत होती. बी असं दर आठवड्याले घराबाहेर काढत नसते, ताई. बी ठेवायचं असते."

मी लेबलाकडे पाहिलं. माझंच अक्षर. 'बी'. त्या घरात, त्या माणसांत, कपाशीच्या बियांसाठी चाललेल्या त्या सगळ्या उठाठेवीत, मी हे अक्षर लिहिलं होतं आणि मला त्याचा दुसरा अर्थ एकदाही दिसला नव्हता. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

बसमध्ये मी नानाजींना काही बोलले नाही. कुणास ठाऊक, कदाचित तिची काही चूक होत असेल, कदाचित मधे कधीतरी अदलाबदल झाली असेल. त्यांच्या मांडीवर तो डबा होता आणि ते वाटभर बहिणीचं कौतुक करत होते. वर्ध्याला दुकानात डिस्क जोडली. अठरा वर्षांची वंशावळ जशीच्या तशी होती, ओळ न ओळ, आणि ती मेच्या एका सोमवारी संपत होती. त्यानंतरचा पूर्ण हंगाम त्यात नव्हता.

मी प्रतिभाला फोन लावला. "परत नेहमी कोणती यायची?"

"ए. दर सोमवारी ए. तुमी म्हणलं होतं न, जी येईन थे लावायची. काऊन ताई? काई चुकलं काय?"

मी दहा महिन्यांत तीनदा त्या ऑफिसात जाऊन आले होते. तिन्ही वेळा 'ए' डिस्क टेबलावर माझ्यासमोर होती. त्यातल्या एकदा तरी मी सिंदीची मागवून उघडून बघितली असती, तर काम पंधरा मिनिटांचं होतं.

नानाजींना सांगावं लागलं. लेबलाचंही सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. पण त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"बी हालवत नाई," ते म्हणाले. "खरं हाय तिचं. माह्या मायनंच शिकवलं तिले." मग माझ्याकडे वळून, "ताई, तिले हे सांगू नोका. कधीच नोका. तिच्यानं सहन नाई होणार."

मी शब्द दिला.

जळलेल्या दोन्ही डिस्क, माहिती काढून देणाऱ्या मुंबईच्या एका दुकानात पाठवल्या. महिन्यानं परत आल्या, गेल्या तशाच. थैल्यांवर आता नुसते नंबर उरले होते; जूनमध्ये नानाजींनी त्या दोनशे चाळीस थैल्यांतलं बी ओळीनं पेरलं. झाडाच्या तोंडावरून माय-बाप ओळखायचे, असा त्यांचा बेत होता. रोज सकाळी वावरात जायचे, एकेका झाडापुढे बसायचे, पान उलटून बघायचे. चाळीसेक त्यांनी नक्की ओळखली. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं ते झाड मात्र कधी वाटायचं हे, कधी वाटायचं ते. मी गेले की मलाही दाखवायचे. "हे असंन काय, ताई?" मला काय कळणार? मला तर सगळी सारखीच दिसायची. तोवर बाजार मोठ्या कंपन्यांच्या नव्या बियाण्यानं भरून गेला होता, आणि नानाजींच्या कपाशीची वाट बघणारं तसंही कुणी उरलं नव्हतं. ते मात्र चार हंगाम शोधत राहिले. सोमवारी सिंदीला जाणं त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

पाचव्या हंगामाआधी ते गेले.

तेरवीला मी समुद्रपूरला गेले. बायकांच्या पंगतीत बेबीताईनं मला हाताला धरून बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "याच ताई. यायनं अन् मी मिळून भाऊचं बी वाचवलं होतं." बायका माझ्याकडे आदरानं बघू लागल्या. समोर प्रतिभा वाढत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

निघताना बेबीताई मला फाटकापर्यंत पोचवायला आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं विचारलं, "ताई, खरं सांगजा. भाऊ मले कधी काई बोलला नाई. पण त्या सालापासून थो वावरात काई तरी हरपल्यावानी पाहत फिरे. मी ठिवलं त्यात माह्यं काई चुकलं तं नव्हतं न?"

"नाही बेबीताई," मी म्हटलं. "तुम्ही ठेवलं ते अगदी बरोबर ठेवलं."

तिचा चेहरा निवळला. तिनं माझा हात दाबला आणि आत गेली.

वाक्य खरं होतं. नानाजींना दिलेला शब्दही मी पाळला होता. पण चूक झालीच नाही म्हटल्यावर चूक करणारंही कुणी उरत नाही. नानाजींनी ते पांघरूण बहिणीसाठी घातलं होतं. त्याच्याखाली त्यांनी मलाही जाणूनबुजून घेतलं होतं, की मीच आपली गुपचूप आत शिरले, हे मला अजून कळलेलं नाही.